डावखुऱ्याचं ताट

आधीच सांगून टाकते, भूत, आत्मा, करणी, स्वप्नात येऊन कोणी काही सुचवणं, यातल्या कशावरही माझा काडीचा विश्वास नाही. या सदरातले अनुभव मी चहाबरोबर टाईमपास म्हणून वाचते आणि प्रत्येकाला मनातल्या मनात उत्तर देऊन मोकळी होते... "वायरिंग खराब असेल", "मांजर असेल", "जास्त जेवला असेल". आणि आता मीच लिहायला बसलेय! आई मागून म्हणते, आता बघ, तुला कोण मांजर म्हणतंय.

त्यात माझं कामच असं की अशा गोष्टींवर विश्वास बसूच नये. मी अंधेरीला, चकाल्याला, एका डिजिटल एजन्सीत आहे. लोकांच्या फोनवर काय दिसावं, कधी दिसावं आणि कोणाला दिसावं हे ठरवून त्यावर पोट भरणारी जी माणसं असतात ना, त्यातली मी एक. तुम्ही घरात कुकरबद्दल नुसतं बोलता, लगेच फोनवर कुकरची जाहिरात येते आणि तुम्ही दचकता. आम्ही दचकत नाही. तुमच्या वहिनीनं कालच कुकर शोधलेला असतो, तुम्ही दोघी एकाच वायफायवर असता, झालं! प्रत्येक "अय्या, ह्याला कसं कळलं?"च्या मागे एक साधं, कंटाळवाणं कारण असतं. गेल्या वर्षीपर्यंत मी पार्ट्यांमध्ये हे छाती पुढे काढून सांगत फिरायचे.

आता घर सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. मुलुंड पूर्व, मिठागर रोडच्या आतल्या गल्लीत आमची जुनी सोसायटी. चार मजले, लिफ्ट नाही, तिसऱ्यावर आम्ही. घर मूळ आजोबांचं, म्हणजे आईच्या वडिलांचं. बाबा गेल्यावर आई मला घेऊन इथे आली, नंतर आजोबाही गेले, आणि मग माझं लग्न होईपर्यंत आम्ही दोघीच. खाली जिन्यापाशी नावांची पाटी आहे, तिच्यावर आजोबांच्या जागी आईचं नाव आलं. बाकी घर होतं तसंच आहे. तीच शहाबादी फरशी, तोच स्वयंपाकघराच्या खिडकीखालचा कोपरा, जिथे आम्ही अजूनही सणाला पाट मांडून खाली जेवायला बसतो.

आईला एकच भाऊ. मधुकर, माझा मधुमामा. मी शाळेतही जात नव्हते तेव्हा तो घरातून गेला. त्यानं वसईच्या सिसिलियाशी लग्न करायचं ठरवलं. मुलगी ख्रिश्चन म्हणून आजोबांनी नाही म्हटलं. मामानं तरीही केलं. तो तिला घेऊन दारात उभा राहिला तेव्हा आजोबा जेवत होते. ते उठले नाहीत, ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "आजपासून या घरात तुझं ताट वाढलं जाणार नाही." मामा आल्या पावली परत फिरला, तो कायमचाच. आजोबा वारले तेव्हा आईनं वसईला निरोप धाडला, तर ती मंडळी केव्हाच जागा सोडून गेलेली.

गेल्या वर्षी माझं लग्न ठरलं. घरात नुसता दंगा! हॉल, मेहंदी, ब्लाऊजांची मापं... आणि या सगळ्यात आई एकाच गोष्टीवर अडून बसली.

"तुझ्या मागे कोण उभं राहणार, केतू?"

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, मंगलाष्टकं चालू असताना नवरीच्या मागे तिचा मामा उभा असतो. आणि आमच्यात पहिलं केळवणही मामाचं. लग्नाआधी नातेवाईक नवरीमुलीला घरी बोलावून गोडाधोडाचं जेवू घालतात ना, ते. मी म्हटलं, पुण्याचे अण्णामामा आहेत की, तुझे चुलतभाऊ. ते तर कधीचे तयार आहेत.

"सख्खा जिवंत असताना चुलत कशाला?"

"जिवंत आहे हे तरी कुठे माहीत आहे आपल्याला, आई?"

तिनं विळीवरची कोबी तशीच ठेवली आणि आत निघून गेली. मला फार वाईट वाटलं, आणि मला वाईट वाटलं की मी लगेच काहीतरी करायला घेते, तो माझा स्वभाव आहे. म्हटलं, थांब, आपण रोज करतो काय? अनोळखी लोकांपर्यंत पोचतो. मग एक ओळखीचा माणूस सापडणार नाही?

मी पोस्ट केली आणि काय झकास केली म्हणून सांगू! मामाच्या खांद्यावर बसलेली चिमुरडी मी, असा जुना फोटो. वर एकच ओळ – "माझ्या मागे उभं राहायला मला माझा मामा हवाय." हे प्रकरण कसं चालतं ते थोडक्यात सांगते. पोस्ट टाकली की ती आधी थोड्याच लोकांना दाखवली जाते. ते थबकले, रडले, भांडले, तर मशीन समजतं की माल चांगला आहे, आणि मग ती आणखी लोकांना दाखवते. शांतपणे वाचून पुढे जाणारा माणूस मशीनच्या लेखी नसतोच. म्हणून आम्ही रडवायचं किंवा चिडवायचं बघतो. मी रडवलं. दुसऱ्या दिवशी पोस्ट दुबईत होती, टोरांटोत होती, आमच्या बॉसनं मीटिंगमध्ये मोठ्या स्क्रीनवर लावली.

मामाचा मात्र पत्ता नाही.

आणि मग वाट लागली. मामाचं लग्न ख्रिश्चन मुलीशी झालं होतं हे कोणीतरी ओळखीच्यानं खाली लिहिलं, आणि कॉमेंट्समध्ये धर्मयुद्धच पेटलं. ज्यांनी आजोबांना कधी पाहिलं नाही ते आजोबांना शिव्या घालत होते, ज्यांनी मामीला कधी पाहिलं नाही ते मामीला. कोणी त्यावर रडक्या म्युझिकचा रील केला. एका बाईनं लिहिलं, "भावाला हाकलला तेव्हा बहिणीची दातखीळ बसली होती काय?" आणि ते पहिल्या मजल्यावरच्या सावंत काकूंनी खाली बाकावर बसून आईला वाचून दाखवलं. वाईट हेतूनं नाही हो, काकू तशा नाहीत, त्यांना वाटलं आईला माहीत असावं. त्यानंतर आईनं संध्याकाळी खाली जाणंच बंद केलं. सोसायटीतल्या बायका विचारायच्या ना, भाऊ सापडला का म्हणून.

"केतू, मला त्याला हाक मारायची होती," ती मला म्हणाली. "तू दवंडी पिटलीस."

मी पोस्ट काढून टाकली. रील्स फिरत राहिले, त्यांना कोण काढणार. आईनं माझ्याकडून वचन घेतलं की यापुढे या घरातलं काहीही, साधी चहाची कपबशीसुद्धा, फोनवरून बाहेर जाणार नाही. मी ते पाळलं. हे महत्त्वाचं आहे, लक्षात ठेवा.

मग एके दिवशी आईनं जाहीर केलं, "मामाचं केळवण होणार. इथेच. त्याच्या नावानं मी करणार."

रविवारी दुपारी ठरलं. मी, माझ्या दोन मैत्रिणी, सावंत काकू आणि आई, एवढ्याच आम्ही. आईनं पहाटेपासून ओट्याशी उभं राहून श्रीखंड-पुरी, मसालेभात, बटाट्याची भाजी, अळू, आमटी सगळं केलं. खिडकीखाली दोन पाट मांडले, एक माझा आणि शेजारचा मामाचा. मैत्रिणींनी समोर रांगोळी काढून त्यात "केळवण" लिहिलं. मामाचं ताट सावंत काकूंनी वाढलं. आता ताट कसं वाढतात ते कोणाला सांगायला नको, तरी सांगते, कारण सगळा मामला तिथेच आहे. वर मधोमध मीठ आणि लिंबाची फोड. डाव्या बाजूला चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजव्या बाजूला भाजी, अळू आणि आमटीची वाटी. काकूंनी अगदी शिस्तीत वाढलं होतं.

आई पुऱ्यांची ताटली घेऊन आली आणि बघतच राहिली.

"अहो, दादा डावखुरा आहे..."

"आसांदे गो सुनंदा," काकू म्हणाल्या, "तो खंय आता जेवूक येतलो!"

आईनं पुऱ्या वाढल्या. सगळ्यांना भुका लागल्या होत्या, मी माझ्या फोनवर एक फोटो काढला – दोन्ही पाट, रांगोळी, मैत्रिणी, काकूंचा अर्धा पदर – आणि आम्ही जेवलो. फोटो कोणाला पाठवला नाही. मैत्रिणींना म्हटलं, तुम्ही काढूच नका, आईला आवडणार नाही. त्यांनी नाही काढले. जेवणं झाल्यावर मी मैत्रिणींना सोडायला खाली गेले, परत येताना काकूंनी त्यांच्याकडे ओढलं, नव्या साड्या दाखवल्या, त्यात बराच वेळ गेला. वर आले तेव्हा ताटं घासून पालथी घातलेली होती आणि आई खिडकीशी बसली होती. बस. त्या दिवशीचं एवढंच.

पुढच्या शनिवारी दुपारी बेल वाजली. मी दार उघडलं. उंच, किडकिडीत गृहस्थ, जाड भिंगांचा चष्मा, खांद्याला कापडी पिशवी. जिना चढून धाप लागलेली.

"सुनी आहे?"

आईला सुनी म्हणणारं कोणी माझ्या माहितीत नव्हतं. माझ्या मागे पातेलं खाली पडल्याचा आवाज झाला. ते गृहस्थ माझ्या डोक्यावरून आत बघत म्हणाले, "जेवायला आलोय."

मला वाटलं आता आई रडेल, मिठी मारेल, निदान किंचाळेल. काही नाही! ती म्हणाली, "हातपाय धुऊन घे." आणि वळून स्वयंपाकघरात गेली. मी दार धरून उभी. माझा मामा! टोरांटोपर्यंत शोधलेला माझा मामा आमच्या मोरीत पाय धूत होता!

आईनं पाट मांडला. ताट घेतलं आणि वाढायला लागली... आणि मी पहिल्यांदा पाहिलं. चटणी, कोशिंबीर उजवीकडे. भाजी, आमटी डावीकडे. पाण्याचं भांडंसुद्धा दुसऱ्या बाजूला. नेहमीच्या ताटाच्या बरोब्बर उलट. नंतर आईनं सांगितलं तेव्हा मला कळलं. आजी असताना लोकांनी नावं ठेवली तरी ती आपल्या डावखुऱ्या मुलाचं ताट त्याच्या हाताला सोयीचं वाढायची. आजी गेल्यावर तसं फक्त आई वाढायची. आमटीसाठी आईनं कपाटाच्या मागून एक वाटी काढली, काठाला चेपलेली. मामानं लहानपणी ताटावर आपटून वाजवून वाजवून चेपवलेली ती वाटी तिनं इतकी वर्षं ठेवली होती, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

मामानं वाटीवरून बोट फिरवलं. "हीच," तो म्हणाला. "फोटोत हीच होती."

"कुठल्या फोटोत?" मी जवळजवळ ओरडलेच. "माझ्या पोस्टमध्ये? तुम्ही माझी पोस्ट पाहिलीत?"

"तुम्ही काय गं? खांद्यावर बसून माझे केस उपटायचीस. तू म्हण." मग म्हणाला, "तुझी ती पोस्ट पाहिली की. माझ्या मुलीनं, रियानं दाखवली. दोन-तीनदा वाचली."

आई वाढता वाढता थांबली. मी म्हटलं, "मग आला का नाहीस?"

"तिच्यात सगळ्या दुनियेला बोलावलं होतं. मला कुठे बोलावलं होतं?"

मला काय वाटलं असेल विचार करा. माझं करिअरमधलं सगळ्यात हिट काम नेमक्या ज्याच्यासाठी केलं त्याच्यापर्यंत पोचलं होतं, आणि त्यानं वाचून फोन बाजूला ठेवला होता!

मग त्यानं सांगितलं. तो बोरीवलीला राहतो. हो, बोरीवलीला! इथून रिक्षानं गेलात तरी पोचाल. तिथे पश्चिमेला एका चष्म्याच्या दुकानात तो लोकांचे नंबर तपासतो. आजोबा गेल्याचं त्याला उशिरा कळलं, तेव्हा तो खाली आमच्या जिन्यापर्यंत येऊन, पाटीवर आईचं नाव वाचून परत गेला होता. "या घरातलं माझं ताट बंद झालं होतं," तो म्हणाला. "ते कोणी सुरू केल्याशिवाय कसा येणार?"

"मग आता कसा आलास?" आईनं विचारलं.

"तू वाढलंस म्हणून. गेल्या रविवारी."

रविवारी दुकान चालू असतं. दुपारी त्यानं डबा उघडला, फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला. गुडघ्याच्या व्यायामाचा व्हिडिओ चालला होता, तो अंगठ्यानं वर सरकवला, तर खाली ताट. खिडकीतलं ऊन, शहाबादी फरशी, समोर रांगोळी, आणि त्याचं ताट, डावखुऱ्याचं. घास हातातच राहिला, म्हणाला. संध्याकाळी दुकान बंद करून तो थेट मुलुंडला आला, गेटपाशी उभा राहिला आणि धीर झाला नाही म्हणून परत गेला. तो धीर गोळा करायला आठवडा लागला.

माझ्या डोक्यात एकदम दिवा लागला. मिरर! सेल्फी काढला की डावं उजवं होतं ना, तसं! काकूंनी वाढलेलं सरळ ताट कुठून तरी बाहेर गेलं, वाटेत फोटो उलटा झाला आणि मामाला वाटलं आपलंच ताट. मी टाळीच वाजवली. सुटलं कोडं! माझ्या फोनवरून तो गेला कसा ते नंतर बघू.

"रांगोळीत काही लिहिलं होतं का रे?" मी विचारलं. मला ठाऊक होतं तो काय म्हणणार. अक्षरं उलटी होती, वाचता येत नव्हती, असंच.

"'केळवण' लिहिलं होतं. त्यातला 'ण' थोडा फिस्कटला होता."

"उलटं लिहिलं होतं?"

"सरळ. बाळ, मी आयुष्यभर लोकांना अक्षरंच वाचायला लावतोय. सरळ आणि उलटं मला कळतं."

मी फोन काढून माझा फोटो त्याच्यासमोर धरला. त्यानं चष्मा कपाळावर चढवला, फोन नाकाजवळ नेला, खूप वेळ पाहिला.

"हा नाही. ह्यात माणसं किती आहेत! आणि ह्यात वाटी दुसरी आहे. त्यात कोणीच नव्हतं. उष्टी ताटं उचललेली होती. तुझा पाटसुद्धा भिंतीला लावून ठेवला होता. आणि ह्यात 'ण' चांगला आहे की."

खरंच, माझ्या फोटोतला "ण" एकदम नीट होता. मी आईकडे पाहिलं. ती ओट्याला टेकून उभी होती आणि तिचा चेहरा... मला घाबरायला झालं, म्हटलं हिला चक्कर येतेय.

"तुम्ही सगळ्या खाली गेलात ना," आई म्हणाली, "तेव्हा मी वाढलं होतं. मला राहवेना. सावंत वहिनींनी सरळ वाढलेलं ते काढून ठेवलं, केतूचा पाट उचलला, तेव्हा माझ्या पदरानं रांगोळी पुसली गेली थोडी. दादाची वाटी काढली. आमटी पुन्हा गरम केली आणि त्याच्या पद्धतीनं ताट वाढलं. जरा वेळ समोर बसले. मग मीच जेवले ते, अन्न टाकायचं कसं? केतू यायच्या आत घासूनही ठेवलं. मला लाज वाटली, वेड्यासारखं करतेय म्हणून."

"फोटो कोणी काढला?" मी विचारलं.

"घरात कोणी नव्हतंच गं. फोटो कोण काढणार?"

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. तो काटा भीतीचा नव्हता, शपथेवर सांगते. मला हसायला येत होतं, रडायला येत होतं, उड्या माराव्याशा वाटत होत्या. माझा फोन त्या वेळी माझ्याबरोबर काकूंच्या घरी होता. आईचा आतल्या खोलीत चार्जिंगला. घरात कॅमेरा नाही, त्या खिडकीसमोर बिल्डिंगही नाही, नुसती मिठागराची मोकळी जागा. आणि मामा मात्र शांतपणे डाव्या हातानं आमटी-भात कालवून जेवायला लागला होता. आई त्याला वाढत होती. दोघं रडत होते आणि जेवणही चाललं होतं.

आता तुम्ही म्हणाल तपास केला की नाही. केला! मी आणि तपास करणार नाही? मामानं जेवून हात धुवायच्या आत मी त्याचा फोन ताब्यात घेतला. गॅलरी, डाऊनलोड, हिस्टरी, व्हॉट्सॲप, सगळं उलटंपालटं केलं. त्याचं अकाऊंट रियानं उघडून दिलेलं, मित्र मोजकेच, त्यातलं कोणी आमच्या ओळखीचं नाही. गुडघ्याच्या व्यायामाचा व्हिडिओ हिस्टरीत आहे. त्याच्यानंतर एका दुकानदाराच्या वाढदिवसाची पोस्ट आहे. दोन्हीच्या मध्ये काही नाही.

सोमवारी ऑफिसात फैजानला धरलं. तो आमच्याकडे टेक्निकल बाजू बघतो, आणि माझ्यापेक्षाही पक्का नास्तिक. त्याला सगळं सांगितलं, माझा आणि मामाकडून मागून ठेवून घेतलेला, असे दोन्ही फोन दिले. त्यानं लंच सोडून ते खोदले.

"केतकी, यार," शेवटी तो म्हणाला, "बाकी सगळं समजू शकतो. लीक समजू शकतो, फोनच्या कॅशमध्ये जुनं काही साठलेलं असेल तर तेही समजू शकतो. पण जो फोटो निकालाही नहीं, तो अपलोड कसा होणार?"

"तेच तर विचारतेय तुला!"

"तेरे मामा झूठ तो नहीं बोल रहे ना?"

मीही तो विचार केला होता, लपवत नाही. पण चेपलेली वाटी आई त्या दिवशी कपाटातून काढेल, हे मामाला कोण सांगणार? पुसलेला "ण" कोण सांगणार? तो तर मीही पाहिला नव्हता. वर आले तेव्हा आई रांगोळी झाडून मोकळी झाली होती. फैजाननं दोन्ही फोन परत दिले आणि आपल्या जागेवर जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, त्यानं त्याच्या खालाला, म्हणजे मावशीला, फोन केला, बऱ्याच वर्षांनी.

लग्न थाटात झालं. मंगलाष्टकं सुरू झाली आणि माझ्या दोन्ही खांद्यांवर मागून दोन हात आले. डावा हात जास्त घट्ट होता. सिसिलियामामी पहिल्या रांगेत आईच्या शेजारी बसली होती. दोघींनी एकमेकींचे हात धरले होते आणि अक्षता टाकायचं दोघीही विसरल्या. लग्नाचे फोटो मी टाकले, भरपूर लाईक्स आले, त्यात नवल नाही. आता दर रविवारी संध्याकाळी मामा-मामी मुलुंडला जेवायला असतात, आणि आई पुन्हा खालच्या बाकावर बसायला लागली आहे. कोणी विचारलं तर ऐटीत सांगते, "सापडला! बोरीवलीला होता."

मी मात्र अजून तिथेच अडकलेय. आईला काहीच पडलेलं नाही. ती म्हणते, ज्याला दिसायला हवं त्याला दिसलं, तू कशाला डोकं फोडून घेतेस? पण मी रोज ऑफिसात बसून लोकांना काय दाखवायचं ते ठरवते. त्या रविवारी ते कोणी ठरवलं, कोणत्या वाटेनं ते बोरीवलीच्या त्या दुकानात पोचलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही, फैजानकडे नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर खरंच सांगा, वायरिंग म्हणालात तरी चालेल.

परवा मला शेवटचा एक मार्ग सुचला. मामानं त्या फोटोला लाईक केलं असेल तर कुठेतरी त्याची नोंद असणार! तो जेवत होता, मी समोर बसून विचारलं, "मामा, नीट आठव. तू त्याला लाईक केलंस का?"

"करणार होतो गं," तो म्हणाला. "अंगठा खाली नेला. पण खाली काही नव्हतंच. लाईक नाही, शेअर नाही, कोणाचं नाव नाही. नुसतं ताट." त्यानं चेपलेली वाटी उचलून तोंडाला लावली आणि रिकामी करून खाली ठेवली. "आणि आमटीवरून वाफ येत होती. गार व्हायच्या आत पोचायला हवं, एवढंच मनात आलं."